आठ वर्षांपूर्वी थकलेल्या टेम्पोच्या कर्जासाठी आता वसुलीचा फोन येतोय, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातल्या एका वाचकाने सप्टेंबर २०१४ मध्ये आंब्याच्या पेट्या वाहायला जुना टेम्पो घेतला. फायनान्स कंपनीचं कर्ज १,८०,००० रुपये, हप्ता ५,२५० रुपये, असे ४८ हप्ते. मे २०१७ पर्यंत ३२ हप्ते भरले, त्यातले सहा एजंटच्या हातात रोख, पावतीशिवाय. मग हप्ते थकले, नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने टेम्पो ओढून नेला, जानेवारी २०१८ मध्ये विकला असं कानावर आलं. त्यानंतर सगळं शांत. आता एक वसुली एजन्सी २,३४,००० रुपये मागतेय. फोन गावातल्या आईला येतो, मुंबईतल्या भावाला येतो आणि जामीनदार असलेल्या काकांनाही येतो. "आज पाचशे तरी टाका, म्हणजे फाईल वर जाणार नाही," असं एजंट म्हणतो.

ते पाचशे टाकू नका. "हो, थोडे बाकी आहेत, सीझन झाला की बघतो" असा मेसेजही पाठवू नका. या दोन गोष्टी टाळल्यात तर बाकीचं काम शांतपणे करायला वेळ आहे.

आधी मुदतीचं गणित. पैशाच्या दाव्याला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे साधारणपणे तीन वर्षं मिळतात. हप्त्याच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची मुदत तो चुकला त्या दिवसापासून मोजतात. कंपनीने सगळं कर्ज एकदम मागितलं असेल, तर त्या मागणीपासून. तुमच्या बाबतीत कंपनीला जास्तीत जास्त सवलत देऊन मोजू. शेवटचा, म्हणजे अठ्ठेचाळिसावा हप्ता सप्टेंबर २०१८ चा. तीन वर्षं सप्टेंबर २०२१ मध्ये संपतात. पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला. १५ मार्च २०२० ला जेवढी मुदत शिल्लक होती, तेवढी १ मार्च २०२२ पासून पुढे मिळाली. कंपनीकडे तेव्हा सुमारे दीड वर्ष शिल्लक होतं, म्हणून मुदत ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ पर्यंत जाते. हा कोविडचा काळ विसरून "२०२१ लाच संपलं" असं उत्तर अनेक जण देतात आणि तारीख चुकीची पडते. तुमच्या प्रकरणात दोन्ही हिशोबांनी मुदत उलटलेली दिसते, पण तारीख बरोबर मांडलेली असावी.

ही मुदत दोन गोष्टींनी लांबते. मुदत संपण्याआधी तुम्ही देणं कबूल करून लेखी सही दिली असेल, तर कलम १८ प्रमाणे त्या सहीपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदतीच्या आत काही रक्कम भरली आणि त्याची नोंद तुमच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असेल, तर कलम १९ प्रमाणे तसंच. म्हणून आता डोकं शांत ठेवून आठवा: टेम्पो नेताना "स्वखुशीने ताबा देत आहे, उरलेल्या रकमेस मी जबाबदार राहीन" असा छापील कागद पुढे केला होता का? रस्त्यावर गाडी अडवून घेतलेल्या अशा सह्या बहुतेक फायलींत असतात. ती सही नोव्हेंबर २०१७ ची असेल तर तिची मुदतही, कोविडचा काळ धरून, २०२२ च्या अखेरीपर्यंतच पोचते. पण २०१९ किंवा २०२२ मध्ये तडजोडीचा अर्ज, ई-मेल असं काही गेलं असेल, तर हिशोब नव्याने करावा लागेल.

मुदत संपून गेल्यावर पाचशे रुपये भरल्याने ती पुन्हा जिवंत होत नाही, कारण कलम १८ आणि १९ दोन्ही मुदतीच्या आतल्या कृतीलाच लागू आहेत. मग नको का म्हणतो? कारण पाचशेच्या मागोमाग लिंक येते, लिंकवर "सेटलमेंट" फॉर्म असतो, त्यात "मी ही रक्कम भरण्यास बांधील आहे" हे वाक्य असतं आणि खाली ओटीपीची सही. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे नवा, पूर्ण वैध करार आहे. आठ वर्षं जुनं मेलेलं प्रकरण एका ओटीपीने ताज्या तारखेचं होतं. व्हॉट्सॲपचा मेसेज सहीइतका धरायचा की नाही यावर वकील भांडतील, पण पुराव्यात तो येतोच.

आणि हेही समजून घ्या की मुदत गेली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं नाही. कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो, एवढंच. ते सभ्यपणे मागू शकतात, सिबिलच्या अहवालात नोंद राहू शकते, आणि सोनं तारण असेल तर ते सोनं धरून ठेवू शकतात. स्थावर गहाण असेल तर मुदतच बारा वर्षांची. तुमचा टेम्पो आधीच गेलाय, त्यामुळे तुमच्याकडून धरायला काही उरलेलं नाही.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो: कंपनीने मधल्या काळात निकाल मिळवून ठेवलाय का? गाडीच्या कर्जाच्या करारात जवळजवळ नेहमी लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाचं कलम असतं. कंपनी मुंबईत किंवा चेन्नईत लवाद नेमते, नोटीस गावच्या पत्त्यावर येते, अनेकांचं घर गणपती आणि शिमगा सोडून बंद, पोस्टमन "घर बंद" असा शेरा मारून पाकीट परत पाठवतो आणि एकतर्फी निवाडा (लवादाचा निर्णय) होतो. हा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, आणि त्याला बारा वर्षं मिळतात. तसं असेल तर वरचं तीन वर्षांचं सगळं गणित बाजूला पडतं.

म्हणून उत्तर लिहायच्या आधी शोध घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सिंधुदुर्ग जिल्हा, देवगड न्यायालय निवडा आणि पक्षकाराच्या नावाने २०१७ पासूनचं प्रत्येक वर्ष पाहा, प्रलंबित आणि निकाली दोन्ही. नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे टाका, कारण आडनावाची स्पेलिंग टायपिस्टच्या मर्जीवर असते. ओरोसचं जिल्हा न्यायालय तपासा, आणि करारात जे शहर लिहिलंय तिथलंही. निकालाची अंमलबजावणी "दरखास्त" म्हणून नोंदलेली दिसेल. चेक न वटल्याचं प्रकरण फौजदारी बाजूला सापडेल. लवादाचा निवाडा मात्र दरखास्त दाखल होईपर्यंत ई-कोर्ट्सवर दिसत नाही, तो पत्रानेच विचारावा लागतो. निवाडा निघालाच, तर वकील त्याच आठवड्यात गाठा: निवाड्याला आव्हान द्यायला सही असलेली प्रत हातात पडल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण दाखवल्यास फार तर आणखी तीस दिवस. प्रत कधी पोचलीच नसेल तर हा काळ सुरूच झालेला नसतो. कंपनीने स्वतःच एकट्याच्या मर्जीने लवाद नेमला असेल, तर २०१९ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्या नेमणुकीलाच हरकत घेता येते. इथे वकिलाच्या फीची काटकसर करू नका.

दुसरा शोध आरटीओचा, आणि हा बहुतेकांना सुचत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर टेम्पोचा नंबर टाकून मालक कोण दिसतो ते बघा. ओढून नेलेली गाडी कंपनीला आधी स्वतःच्या नावे करून घेता येते, त्यासाठी फॉर्म ३६ असतो, आणि मग खरेदीदाराच्या नावे. नाव बदललं असेल तर बदलाची तारीख हा विक्रीचा तुमच्या हातातला पुरावा. अजून तुमचंच नाव दिसत असेल तर प्रकरण गंभीर आहे: उद्या त्या टेम्पोने कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तुम्हाला ओढतील. तेव्हा ओरोसच्या आरटीओला लेखी अर्ज द्या, ताबा नेल्याची तारीख सांगा आणि आवक शिक्क्याची प्रत ठेवा.

आता २,३४,००० हा आकडा. तुमच्या हिशोबाने राहिले १६ हप्ते, म्हणजे ८४,००० रुपये. पावती नसलेले सहा हप्ते कंपनीने धरले नाहीत तरी २२ हप्ते, १,१५,५०० रुपये. यातून टेम्पोच्या विक्रीची रक्कम वजा व्हायला हवी. शिवाय हप्त्यात पुढच्या महिन्यांचं व्याज मिसळलेलं असतं. गाडी विकून पैसे वळते केल्यानंतरच्या काळाचं व्याज पूर्ण लावलं असेल तर त्याला हरकत घ्या. टेम्पो लाखभराला गेला असेल, तर उलट कंपनीच तुमचं देणं लागते असंही निघू शकतं. बाकीचा फुगवटा दंडव्याज, ओढून नेण्याचा खर्च, यार्डाचं भाडं अशा नावांनी येतो, आणि त्यातलं करारात काय आहे हे एजन्सीला स्वतःलाही बहुधा माहीत नसतं. तिच्याकडे नाव, नंबर आणि एक आकडा एवढीच एक्सेलची ओळ असते. म्हणूनच कागद मागायचे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकबाह्य वित्त कंपनीच्या करारात गाडी ताब्यात घेण्याआधीच्या नोटिशीची मुदत, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत लिहिलेली असावी लागते. शेवटची संधी दिल्याचा कागद कंपनीला दाखवता आला नाही, तर मुदतीशिवायचा हा तुमचा दुसरा भक्कम मुद्दा.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, प्रत एजन्सीला. मजकूर साधारण असा ठेवा:

"विषय: कथित कर्ज खाते क्र. … बाबत आपली मागणी.
माझे सर्व हक्क व हरकती राखून हे उत्तर देत आहे. आपण मागत असलेली रक्कम मला मान्य नाही. या पत्रातील कोणताही मजकूर कर्जाची कबुली किंवा फेडीचे वचन समजू नये. आपली मागणी मुदतबाह्य असल्याची माझी हरकत आहे. पुढील कागदपत्रे द्यावीत: सही असलेल्या कराराची प्रत, पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण खातेउतारा, वाहन ताब्यात घेण्यापूर्वीची व विक्रीपूर्वीची नोटीस, पोच पुराव्यासह, मूल्यांकन, विक्रीची रक्कम व तारीख, प्रत्येक जादा आकाराचा तपशील, कर्ज दुसऱ्या संस्थेकडे वर्ग झाले असल्यास त्याचा दस्त, कोणताही दावा, लवाद कार्यवाही, निवाडा किंवा हुकूमनामा असल्यास त्याचा क्रमांक व प्रत, आपल्या एजन्सीचे अधिकारपत्र. यापुढील संपर्क फक्त माझ्याशी व लेखी करावा. माझ्या आई, भाऊ व इतर नातेवाइकांशी संपर्क करू नये."

यात "माझे कर्ज", "उर्वरित बाकी", "परिस्थितीमुळे भरता आले नाही" असे शब्द कुठेही येऊ देऊ नका. कंपनीने उल्लेख न केलेली कोणतीही तारीख तुम्ही स्वतःहून देऊ नका. सहा रोख हप्त्यांचा विषयही पहिल्या पत्रात नको. आधी त्यांचा खातेउतारा येऊ दे, म्हणजे त्यांनी काय धरलंय ते कळेल. तोवर तुमच्या बँकेच्या पासबुकात त्या तारखांना काढलेली रोकड आणि एजंटचे जुने मेसेज शोधून ठेवा. पत्र ई-मेलने पाठवाच, शिवाय पोस्टानेही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर रजिस्ट्रेशन आणि पोचीचा पुरावा मागून घ्या आणि पावतीचा फोटो लगेच काढा. थर्मल कागदावरची अक्षरं पावसाळ्यात उडून जातात.

कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलं गेलं असेल तर ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. कर्ज कितीही हात बदलो, मुदत नव्याने सुरू होत नाही.

फोनचं म्हणाल तर थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ किंवा धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास नाही, असं रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. घरी येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र असायला हवं. आईला एवढंच सांगून ठेवा: कागद दाखवा, फोटो काढू द्या, मुलाशी लेखी बोला, आणि कशावरही सही किंवा अंगठा नाही. सरपंचाला किंवा वाडीतल्या लोकांना फोन गेला, तर त्यांच्याकडून तारीख, वेळ आणि नंबर लिहून घ्या. कॉल रेकॉर्ड करा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तक्रार पोर्टलवर. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. जिवाची धमकी असेल तर थेट पोलीस ठाणं. व्हॉट्सॲपवर "अटक वॉरंट" आलं तर घाबरू नका. पैसे थकले म्हणून पोलीस अटक करत नाहीत.

भाऊ जामीनदार नाही, तर त्याने एकदाच "माझा संबंध नाही, पुन्हा फोन करू नका" असं लेखी कळवून त्यांचा नंबर ब्लॉक करावा. काकांची गोष्ट निराळी. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणून त्यांनी वेगळं पत्र स्वतःच्या सहीने द्यावं, मुदतीची हरकत त्यातही घ्यावी. एजंट बऱ्याचदा म्हाताऱ्या जामीनदाराला गाठून "तुमचं नाव काढून टाकतो" म्हणत सही घेतात. ती सही म्हणजे फेडण्याचं नवीन वचन ठरू शकतं.

२०१४ मध्ये दिलेले कोरे चेक अजून त्यांच्याकडे असतील. बँकेत जाऊन ते नंबर थांबवा आणि खात्यावर जुनं ईसीएस किंवा नॅच मॅन्डेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) असेल तर रद्द करा. तरीही कुणी आजची तारीख टाकून चेक भरला आणि तो परतल्याची नोटीस आली, तर पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. मुदतबाह्य रकमेसाठी चेक वापरला हा बचाव चांगला आहे, पण तो गप्प बसून मिळत नाही.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र जायचंच. मुदत संपली असेल तर दावा फेटाळणं हे मुदत कायद्याच्या कलम ३ प्रमाणे कोर्टाचंच काम आहे, तरी ते विसंबून घरी बसू नका. साध्या दाव्यात लेखी कैफियतीला (दाव्याच्या उत्तराला) तीस दिवस, समरी म्हणजे झटपट चालणाऱ्या दाव्यात हजेरी लावायला फक्त दहा. राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस ही वेगळी चीज आहे. दावा दाखल होण्याआधीच्या प्रकरणात न गेल्याने काही बिघडत नाही, पण तिथे जाऊन "पन्नास हजारांत मिटवू" यावर सही केली, तर तो हुकूमनामाच, आणि त्यावर अपील नाही. वकील परवडत नसेल तर देवगडच्या तालुका विधी सेवा समितीत मोफत वकील मागता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, इतर बहुतेकांना वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. चौकशीसाठी १५१००.

मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी सिबिल साफ हवंय म्हणून काही देऊन मिटवायचं असेल, तर तो तुमचा निर्णय. त्यात गैर काही नाही. फक्त क्रम पाळा: कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम आणि "पूर्ण व अंतिम" हे शब्द, खातं "सेटल्ड" नाही तर "क्लोज्ड" दाखवण्याची हमी, कोरे चेक परत देण्याचं कलम, आणि मगच कंपनीच्या खात्यात बँकेतून पैसे. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नाही. अहवालातली चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

हे सगळं फायनान्स कंपनी किंवा बँकेपुरतं. कोकणात असे फोन पतसंस्थांचेही तितकेच येतात, आणि तिथे वरचं उत्तर जसंच्या तसं वापरलंत तर फसाल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडच्या येण्याची मुदत तो वारल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून मोजतात. म्हणजे शेअर अजून नावावर असेल तर "तीन वर्षं झाली" हे म्हणणं टिकत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेतही नाही. ती कोर्टात न जाता सहाय्यक निबंधकाकडे कलम १०१ खाली वसुली दाखला मागते, आणि एकदा दाखला मिळाला की विशेष वसुली अधिकारी कलम १५६ आणि नियम १०७ खाली जप्तीला येऊ शकतो. म्हणून निबंधक कार्यालयाची नोटीस आली की त्या तारखेला हजर राहून लेखी म्हणणं, पावत्या आणि व्याजाचा तुमचा हिशोब द्या, आणि आवक शिक्का घ्या. दाखला निघाल्यावर कलम १५४ खाली पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी) करायचं तर येणे रकमेच्या निम्मे पैसे आधी संस्थेकडे भरावे लागतात. वडील कर्जदार होते आणि वारले असतील, तर वारसांची जबाबदारी त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का ते बघून घ्या, कारण सामायिक सातबाऱ्यावर एकाच्या कर्जाचा बोजा पुढे सगळ्या हिस्सेदारांच्या वाटणीला आडवा येतो.